उद्या बोट नाही : शंभर माणसांच्या बेटावरच्या बातम्या

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी वर प्ले दाबा.)



आज सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. तुमच्या गावात किंवा सोसायटीत गेल्या आठवड्यात सगळ्यात मोठी बातमी कोणती होती? टीव्हीवरची नको, तुमच्या ग्रुपवरची सांगा. पाणी उशिरा येणार, ट्रान्सफॉर्मर जळाला, अमक्यांच्या घरी बारसं आहे, एसटीची फेरी बंद झाली. असंच काहीतरी ना? आपण ते वाचतो, अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. 'ही काय बातमी आहे का?' असं वाटतं.

आज मी तुम्हाला अशा एका जागी नेणार आहे जिथे वर्षभर याच बातम्या असतात. उद्या बोट नाही. हॉलमध्ये शनिवारी नाचगाणं आहे. पाऊस कमी झालाय, वीज जपून वापरा. शाळेत यंदा एक मूल वाढलं. आणि यातल्या प्रत्येक बातमीवर तिथल्या माणसांचं राहणं किंवा जाणं ठरतं.

जागेचं नाव आहे एग. हो, उच्चार अंड्यासारखाच आहे, हसून घ्या. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, स्काय या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला चार छोटी बेटं आहेत : रम, एग, मक आणि कॅना. नावं ऐकून एखाद्या हॉटेलचं मेनू कार्ड वाटतं. त्यातलं एग साधारण नऊ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद. तिथे अन् स्गूर नावाचा 393 मीटर उंचीचा काळा कडा आहे, लांबून एखाद्या जहाजाच्या नाकासारखा दिसतो. क्लीडेल नावाची एक वस्ती, धक्क्याजवळ गॅल्मिसडेल नावाची दुसरी, बाकी विखुरलेली घरं. लोकसंख्या? शंभराहून थोडी जास्त. आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीला यापेक्षा जास्त माणसं बसतात.

तिथे जायचं कसं? हॅरी पॉटरच्या सिनेमात कमानींच्या पुलावरून जाणारी वाफेची आगगाडी आठवते? तो पूल ग्लेनफिनन इथला. तीच लाइन पुढे मॅलेग नावाच्या बंदराला संपते. तिथून बोट पकडायची, सव्वा तासाच्या आसपास लागतो. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, चालत किंवा सायकलने फिरायचं. आणि वारा सुटला की बोट रद्द. म्हणून 'उद्या बोट नाही' ही तिथली हेडलाइन असते. बोट नाही म्हणजे दुकानात ताजं दूध नाही, टपाल नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंट हुकली. मोठ्या मुलांच्या बाबतीत तर आणखी पंचाईत. बेटावर फक्त प्राथमिक शाळा आहे. साधारण अकरा-बारा वर्षांचं झालं की मूल मॅलेगच्या शाळेत जातं, आठवडाभर तिथल्या वसतिगृहात राहतं. शुक्रवारी बोट आली नाही तर पोरगं घरी येत नाही. आता सांगा, ही बातमी लहान आहे का?

बरं, आता थोडं मागे जाऊ. कारण एगची खरी गोष्ट अशी आहे की पूर्वी या बेटावर बातमी एकाच माणसाकडून यायची. मालकाकडून.

स्कॉटलंडमध्ये जमीनदाराला 'लेअर्ड' म्हणतात. अख्खं बेट, म्हणजे डोंगर, कुरणं, धक्का आणि लोक राहतात ती बहुतेक घरंसुद्धा, एका माणसाच्या नावावर. बेट विकलं की त्यासोबत तुमच्या डोक्यावरचं छप्परही दुसऱ्याचं होतं. तुम्हाला कुणी विचारत नाही, नंतर कळतं. 1853 साली याच बेटावर ग्रूलिन नावाच्या वस्तीतली चौदा कुटुंबं हलवली गेली, कारण त्या जमिनीवर मेंढ्या पाळणं मालकाला फायद्याचं होतं. त्या घरांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. आत गवत वाढलंय.

तुम्ही म्हणाल, एकोणिसावं शतक होतं, तेव्हा असंच चालायचं. थांबा. 1975 साली हे बेट एका उद्योजकाने विकत घेतलं. कीथ शेलेनबर्ग त्यांचं नाव, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरून घसरगाडीच्या शर्यतीत उतरलेला माणूस. सुरुवातीला लोकांना आशा वाटली, काही नवीन लोकही राहायला आले. पण हळूहळू तक्रारी वाढत गेल्या. मुख्य तक्रार एकच होती : पक्का भाडेकरार मिळत नाही.

हे जरा समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा तुम्ही तीस वर्षं एका घरात राहताय. छप्पर गळतंय. दुरुस्तीला बँक कर्ज द्यायला तयार आहे, सरकारी अनुदानही आहे. पण बँक म्हणते, कागद दाखवा. आणि तुमच्याकडे कागदच नाही. मालक उद्या 'निघा' म्हणाला तर निघायचं. मग छपरावर पैसे कोण घालणार? दुकान कोण काढणार? मुलं मोठी होऊन परत का येतील? बेट असं आतून रिकामं होत जातं. नव्वदच्या दशकात तिथे साठ-पासष्टच माणसं उरली होती.

1994 च्या जानेवारीत धक्क्याजवळच्या शेडला आग लागली आणि मालकांची 1927 सालची रोल्स-रॉइस जळून खाक झाली. हा मामला देशभरातल्या पेपरांत गाजला. म्हणजे बघा, लोकांच्या घरात ओल येत होती, करार नव्हते, तेव्हा मोठ्या पेपरांनी फारसं विचारलं नाही. गाडी जळाली तेव्हा सगळे धावले.

पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, बेट विकलं गेलं. नवे मालक होते जर्मनीतले एक चित्रकार, स्वतःला 'मारूमा' म्हणवणारे. मोठमोठी आश्वासनं दिली. आणि वर्षभरातच, 1996 च्या उन्हाळ्यात, बेट पुन्हा बाजारात आलं. किंमत वीस लाख पौंड.

इथे गावकऱ्यांनी ठरवलं की आता पुढचा मालक कोण याची बातमी येण्याची वाट बघत बसायचं नाही. आपणच घेऊ या.

साठ-पासष्ट माणसं आणि वीस लाख पौंड. वेडेपणाच की! पण त्यांनी एकट्याने उडी मारली नाही. गावकऱ्यांची संघटना, हायलँड कौन्सिल म्हणजे तिथली जिल्हा परिषद म्हणा हवं तर, आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही निसर्गरक्षण करणारी संस्था, असे तिघे एकत्र आले. आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याही आधी, 1991 पासून, अ‍ॅलॅस्टर मॅकिंटॉश आणि त्यांचे काही सोबती 'बेट लोकांच्या मालकीचं असावं' ही गोष्ट सांगत फिरत होते. तेव्हा ते स्वप्नरंजन वाटायचं. पाच वर्षांनी तेच कामाला आलं.

मग जगभर आवाहन केलं. लक्षात घ्या, क्राउडफंडिंग हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. यूपीआय नाही, क्यूआर कोड नाही. लोक पाकिटात चेक घालून पाठवत होते. टपाल बोटीने येत होतं. ट्रस्टच्या सचिव मॅगी फाइफ यांच्या घरी त्या पत्रांचा ढीग. सुमारे 10,000 लोकांनी पैसे पाठवले, बरेचसे छोटे छोटे. आणि एका बाईंनी फार मोठी रक्कम दिली, अट एकच : माझं नाव सांगायचं नाही. ते नाव जाहीर झालं नाही.

1997 च्या वसंतात व्यवहार पंधरा लाख पौंडांना ठरला. आणि 12 जून 1997 रोजी बेट अधिकृतपणे लोकांच्या ताब्यात आलं. धक्क्यावर सगळे जमले, बॅगपाइप वाजला, रात्रभर नाच झाला. दरवर्षी जूनमध्ये त्या दिवसाच्या आठवणीत अजून नाच होतो.

त्या दिवशी धक्क्यावर आलेल्या पाहुण्यांत ब्रायन विल्सन होते, तेव्हाचे सरकारमधले मंत्री. पण मला त्यांची दुसरी ओळख जास्त आवडते. पंचवीस वर्षांपूर्वी, 1972 साली, या माणसाने मित्रांबरोबर शेजारच्या स्काय बेटावर एक छोटं साप्ताहिक काढलं होतं : वेस्ट हायलँड फ्री प्रेस. पेपराच्या माथ्यावर गेलिक भाषेत, म्हणजे तिथल्या मूळ भाषेत, तीन शब्दांचं ब्रीद : भूमी, भाषा, माणसं. त्या पेपरात काय यायचं? मेंढ्यांचे बाजारभाव, बोटींची वेळापत्रकं, शिंटी या त्यांच्या खेळाचे निकाल, निधनवार्ता. आणि त्याच पानांवर चिकाटीने : कुठली जमीन कुणी घेतली, कुठल्या मालकाने काय केलं, भाडेकरूंना काय उत्तर मिळालं. आठवड्यामागून आठवडा. पुढे 2009 मध्ये तो पेपर तिथल्या कर्मचाऱ्यांनीच विकत घेतला. मला वाटतं, एगची आग एका रात्रीत पेटली नव्हती, त्याची काडी अशा छोट्या पेपरांत वर्षानुवर्षं वाळत होती. गावातली गोष्ट कुणीतरी लिहून ठेवत असलं की लोकांना कळतं, हे फक्त माझ्याच घरी होत नाहीये.

तर बेट मिळालं. आता काय? सिनेमा असता तर इथे 'समाप्त' अशी पाटी आली असती. पण इथून पुढेच खरं काम होतं, आणि ते अजिबात रोमांचक नाही. पहिल्यांदा लोकांना पक्के करार दिले. मग 1998 मध्ये धक्क्यावर एक इमारत बांधली, 'अन् लामरिग' नावाची. त्यात दुकान, चहाची जागा, हस्तकलेच्या वस्तू, स्वच्छतागृह. बोटीतून उतरलं की समोर हेच दिसतं. 2004 मध्ये नवा धक्का झाला. त्याआधी मोठी बोट समुद्रातच थांबायची आणि लोकांना, सामानाला छोट्या होडीत उतरवून आणावं लागायचं. आजीबाई, पिठाची पोती, गॅसचे सिलेंडर, सगळं.

आणि मग आली वीज. ही माझी सगळ्यात आवडती बातमी.

2008 पर्यंत या बेटावर ग्रिडची वीजच नव्हती. म्हणजे लोडशेडिंगचाही प्रश्न नाही, तार आलीच नव्हती! बहुतेक घरांत डिझेल जनरेटर. डिझेल बोटीने आणायचं, पिंप ढकलत घरी न्यायचं, संध्याकाळी चार तास ती भडभड ऐकायची, मग अंधार. मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल टाकायची तर खर्च अफाट. मग ट्रस्टने स्वतःची वीज कंपनी काढली, एग इलेक्ट्रिक. ओढ्यांवर तीन छोटे जलविद्युत संच, चार पवनचक्क्या, सोलर पॅनेल, एक मोठी बॅटरी बँक आणि अडीनडीला डिझेल. अकरा किलोमीटर केबल जमिनीखाली पुरली. 1 फेब्रुवारी 2008 ला बटण दाबलं. पाणी, वारा आणि ऊन तिन्ही एकत्र वापरून स्वतंत्र ग्रिड चालवणारी ही जगातली पहिली वसाहत मानली जाते. वर्षाची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज याच तिघांकडून येते.

पण ऐका, गंमत तंत्रज्ञानात नाही, नियमात आहे. वीज मर्यादित आहे. मग वाटायची कशी? त्यांनी सभेत बसून ठरवलं : एका वेळी प्रत्येक घराला पाच किलोवॅट, व्यवसायाला दहा. घर मोठं असो की लहान, माणूस जुना असो की नवा. पाच किलोवॅट म्हणजे साधारण किटली आणि वॉशिंग मशीन एकदम. त्यावर गेलात की घराची वीज जाते. आपल्याकडे एमसीबी पडला की आपणच उचलतो. तिथे देखभाल करणाऱ्या माणसाला बोलवावं लागतं, वर थोडा दंड. आणि तो माणूस कोण? तुमचाच शेजारी. म्हणजे दंडापेक्षा लाज जास्त! म्हणून घरोघरी छोटा मीटर लावलेला असतो, किती वापर चाललाय ते दाखवणारा. किटली लावायच्या आधी लोक तिकडे नजर टाकतात.

पाऊस कमी, वारा पडलेला, अशा दिवसांत निरोप जातो : जपून वापरा. आणि उलट, हिवाळी वादळात वीज जास्त झाली तर ती आपोआप सार्वजनिक इमारतींचे हीटर चालवते. बाहेर वादळ आहे, बोट रद्द आहे, आणि गावाचा हॉल फुकटात उबदार झालाय. 2010 मध्ये या कामाबद्दल त्यांना ब्रिटनमधल्या एका मोठ्या पर्यावरण स्पर्धेत 3,00,000 पौंडांचं बक्षीसही मिळालं.

आता मला माहितीये, तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढं सगळं छान छान कसं? नाहीये ना! गावाची मालकी म्हणजे मीटिंगा. बघावं तेव्हा मीटिंग. पूर्वी काही बिघडलं की मालकाला शिव्या घालता यायच्या. आता कुणाला घालणार? समिती म्हणजे तुमची वहिनी, तुमच्या मुलाचे शिक्षक आणि ज्यांच्याशी कुंपणावरून वाद झाला ते काका. अशा छोट्या बेटांवर एकच माणूस तीन-चार कामं करतो : सकाळी बोटीचा दोर पकडायचा, दुपारी मेंढ्या, संध्याकाळी ट्रस्टचे ईमेल. माणूस थकतो. पैसा बराचसा अनुदानातून येतो, त्याचे अर्ज भरता भरता जीव जातो. घरं कमी आहेत, यायला तयार असलेले सगळे येऊ शकत नाहीत. बोटीवर तर गावाची मालकी नाहीच. ती सरकारी कंपनीची, आणि वाऱ्यावर कुणाचीच नाही.

पण एक गोष्ट बदलली. साठ-पासष्टचे शंभराहून अधिक झाले. बाहेर शिकायला गेलेली काही मुलं परत आली, घर बांधून राहिली. कारण आता घराला कागद आहे. मला आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की तिथली मुलं आता निघून जातात ती परत येता येईल हे माहीत असताना.

आणि एगनंतर रांग लागली. खरं तर सुरुवात 1993 मध्ये झाली होती, असिंट भागातल्या छोट्या शेतकऱ्यांनी, तिथे त्यांना क्रॉफ्टर म्हणतात, 21,000 एकरांची इस्टेट विकत घेतली तेव्हा. एगनंतर 2002 मध्ये गीया बेट लोकांनी घेतलं. 2003 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदाच केला : ग्रामीण भागातली जमीन विक्रीला निघाली तर आधीच नोंदणी केलेल्या स्थानिक लोकांना ती घेण्याचा पहिला हक्क. 2006 मध्ये साउथ यूइस्ट, 2018 मध्ये उल्वा, जिथे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी माणसं राहत होती. अर्थात चित्र पूर्ण पालटलेलं नाही. अभ्यासकांच्या हिशेबाने स्कॉटलंडमधली निम्मी खासगी जमीन अजून पाचशेहूनही कमी मालकांकडे आहे. म्हणजे 'आपलं बेट कुणी घेतलं?' हे नंतर कळणारी गावं अजून आहेत.

तर मंडळी, मला आजच्या भागात एवढंच म्हणायचं होतं. एगवर 1996 मध्येही बोट रद्द व्हायची आणि आजही होते. समुद्र तोच, वारा तोच. पण तेव्हा नोटीस लागायची ती मालकाने काय ठरवलं याची. आता लागते ती सभा कधी आहे याची. सभा कंटाळवाणी असते, मान्य. चहा गार होतो, तोच माणूस तोच मुद्दा चौथ्यांदा मांडतो. तरी पाच किलोवॅटचा नियम अशाच सभेत ठरला, आणि म्हणूनच तो लोक पाळतात.

पुढच्या वेळी ग्रुपवर 'रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे' असा मेसेज आला की अंगठा दाखवून पुढे जायच्या आधी या शंभर माणसांची आठवण काढा. जमलं तर जाऊन बसा. निदान कुणी काय ठरवलं ते चार ओळींत लिहून ग्रुपवर टाका. तीसुद्धा बातमीच आहे.

आणि हो, कधी मॅलेगला पोहोचलातच, तर बोटीत बसण्याआधी हवामान बघून घ्या. परतीची बोट रद्द झाली तर रात्र बेटावर काढावी लागेल. हॉलमध्ये नाच असेल, तर फार वाईट वाटणार नाही.

हा भाग कसा वाटला ते कळवा. तुमच्या गावातली अशी एखादी 'छोटी' बातमी असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!